हेडवरचे खड्डे आणि विहिरीचे पाणी



गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात माझे काम होते. ते आटोपून फाटकाबाहेर चहाला थांबलो, तो एक तरुण जोडपे समोर येऊन उभे राहिले. नवऱ्याच्या खांद्यावर पोते, पोत्यात काहीतरी जड. "साहेब, ओळखलं का? आमच्या गावात माती परीक्षणाच्या शिबिराला आला होता तुम्ही." दोघे इंदापूरकडचे. पहाटेच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरून आधी नाना पेठेत दोन दुकाने फिरून आले होते.

पोते उघडले. आत डिझेल इंजिनाचे हेड होते. विहिरीवर विजेची मोटार आहे, पण वीज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. म्हणून वडिलांच्या वेळचे पाच अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी जपून ठेवलेले. मोटार जळाली आणि भर इंजिनावर आला, तर त्याचे पाणी तेलात उतरू लागले. गहू पोटरीत आलेला. या वेळी पाण्याची पाळी चुकली, तर ओंबी भरत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

हेडच्या सपाट तोंडावर, पाण्याच्या भोकांच्या कडेने, लोखंड उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते. एका दुकानदाराने सांगितले, "फेस मारून देतो, तासाभराचं काम." दुसरा म्हणाला, "भंगारात टाका, नवं घ्या." आता ऐकावे कोणाचे?

मी काही बोलण्याआधी वहिनींनीच विचारले, "साहेब, खड्डे बुजवतील ते बुजवतील. पण पडले कशानं?"

मंडळी, हा प्रश्न लाख मोलाचा. तो आमच्या घरात कोणी वेळेवर विचारला नाही, म्हणून आम्ही काय भोगले ते आधी सांगतो.

साल १९८६. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या इंजिनाच्या हेडला असेच खड्डे पडले. वडील आणि मी हेड पोत्यात घालून पुण्यात आलो. एका कारखान्यात त्यावर फेस मारून घेतला. तोंड आरशासारखे झाले, वडील खूष झाले. महिनाही गेला नाही. उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटत होत्या आणि भर दुपारी इंजिनातून खडखडाट सुरू झाला. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला, दांडा वाकला, पिस्टनला तडा गेला. इंजिन आम्ही जुने घेतलेले होते. त्या हेडवर आमच्या आधी किती वेळा फेस मारला गेला होता, ते आम्ही विचारले नाही, कारखान्यानेही मोजले नाही. सारा भुईमूग वाळला. गाभण म्हैस विकून दुसरे इंजिन आणले. आईने त्या म्हशीचे नाव पुढे कधी काढले नाही, पण दावणीची ती जागा कितीतरी दिवस रिकामी ठेवली.

तेव्हा आज या हेडच्या दुखण्याविषयी बोलू. पुण्यापासून सुरुवात करण्याचे कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना सुरू झाला आणि डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवर घरच्यासारखे नांदू लागले. ८० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेरे आणि पाच अश्वशक्ती, असे उभे इंजिन पुष्कळांनी पाहिले असेल. इतर कारखान्यांनीही या मापाची इंजिने केली. आता बहुतेक विहिरींवर मोटारी आहेत, कुठे सौर पंप आले आहेत. तरी जुनी इंजिने अजून अडीनडीला उभी राहतात, आणि ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत. हेडचे हे दुखणे दोघांनाही होते. दोष बहुधा इंजिनाचा नसतो, आपण त्याला पाजलेल्या पाण्याचा असतो.

खड्डे पडतात कसे? आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला गार ठेवण्यासाठी पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढलेली असते. विहिरीचे ताजे पाणी इंजिनातून फिरते आणि पाटात पडते. सोय मोठी, पण दर मिनिटाला नवे पाणी म्हणजे दर मिनिटाला नवा क्षार आणि नवी हवा. कालव्याखालच्या खारवट पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात मीठ अधिक असते. हे मीठ लोखंडावरचा गंजाचा संरक्षक थर टिकू देत नाही. त्यातून हेड आणि गॅस्केट यांच्या फटीत पाणी साचून राहते. तिथे हवा पोहोचत नाही आणि नेमके तिथेच लोखंड सर्वांत जास्त झिजते. गॅस्केटला तांब्याचा पत्रा असेल, तर खारे पाणी, तांबे आणि लोखंड मिळून बॅटरीच तयार होते; त्यात तांबे शाबूत राहते आणि लोखंड खाल्ले जाते.

आणखी एक लबाडी लक्षात ठेवा. हेड बिडाचे असते आणि बिडात शिशपेन्सिलीत असते तसले ग्राफाइट असते. लोखंड गेले, तरी ग्राफाइट जागेवर राहते. वरून पाहिले तर जागा भरलेली दिसते. चाकूचे टोक लावले की काळी मऊ भुकटी निघते. म्हणून खड्डा किती खोल आहे, हे खरवडून घट्ट धातू लागल्याशिवाय कळत नाही.

दुखणे ओळखावे कसे? टाकीत किंवा रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सारखे बुडबुडे येतात. पाणी वरचेवर कमी होते, पण गळती दिसत नाही. तेल ताकासारखे पांढरट होते. इंजिन तापल्यावरही धूर पांढरा राहतो. यांतले एकही लक्षण दिसले, तर इंजिन तसेच रेटू नका. पाणी मिसळलेल्या तेलावर चालवलेले इंजिन बेअरिंग खाते, आणि मग हेडचा खर्च परवडला असे म्हणायची पाळी येते. तसेच तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, बीड तडकते.

आता हेड उतरवल्यावर काय करायचे? आधी तोंड स्वच्छ करा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून गॅस्केट कोरडे घासू नका. पाण्याने भिजवून बोथट पट्टीने खरवडा. ग्राइंडरची तारेची चकती तोंडावर फिरवू नका, खळगे पडतात.

मग नवे गॅस्केट हेडवर ठेवा आणि त्याच्या आतल्या गोल कड्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढा. या कड्याला मिस्त्री लोक फायर रिंग म्हणतात, कारण स्फोटाचा दाब हे कडे अडवते. आता पाहा, खड्डे कुठे आहेत. किती मोठे दिसतात यापेक्षा ते कुठे आहेत, यावर सारे अवलंबून आहे.

खड्डे पाण्याच्या भोकाच्या बाहेरच्या अंगाला असतील, तर काळजी थोडी. तिथे फक्त पाणी अडवायचे असते. खड्डे पाण्याचे भोक आणि पेन्सिलीची रेघ यांच्या मधल्या अरुंद पट्टीत असतील, तर काळजी जास्त. ती पट्टी म्हणजे शेताचा बांध समजा. आणि खड्डे रेघेच्या आत, कड्याच्या खाली पोहोचले असतील, तर बांध फुटला. तिथे लेप चालत नाही.

आता उपाय पाहू. ते चार आहेत.

पहिला, फेस मारणे. खड्डे उथळ असतील, तर सरफेस ग्राइंडरवर तोंडाचा पातळ थर काढतात. हेड वाकले आहे का, ते आधी सरळ पट्टी तोंडावर उभी-आडवी-तिरपी ठेवून फिलर गेजने पाहावे. ०.१० मिलिमीटरची पात पट्टीखालून सहज जात असेल, तर एवढ्या लहान हेडला फेस मारणे भाग आहे. मात्र प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात हेडची कमीत कमी उंची दिलेली असते. व्हर्नियरने उंची मोजल्याशिवाय मशीनवर हेड चढवू देऊ नका. आमचे तिथेच चुकले.

दुसरा, धातूची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीचा लेप. हा फक्त पाण्याच्या भोकाच्या बाहेरच्या अंगाला, पेन्सिलीच्या रेघेपासून दूर. खड्डा घट्ट धातूपर्यंत खरवडायचा, तेलाचा अंश राहू द्यायचा नाही, लेप भरून पुरता वाळू द्यायचा आणि मग तोंड सपाट करायचे. नळाची गळती थांबवण्याचा साधा लेप इथे उपयोगाचा नाही. हाताला रबरी मोजे घाला.

तिसरा, बुश बसवणे. पाण्याचे भोक कडेने खाल्ले गेले असेल, तर ते भोक मोठे करून त्यात बिडाचा बुश दाबून बसवतात, त्याला मूळ मापाचे भोक ठेवतात आणि मग तोंडाला फेस मारतात. मधल्या पट्टीसाठी हा उपाय लेपापेक्षा खात्रीचा. पण बुश बसवायला पुरेसे मांस शिल्लक हवे.

चौथा, वेल्डिंग. बिडाचे वेल्डिंग म्हणजे पोरखेळ नव्हे. निकेलची कांडी लागते. एक तर सारे हेड भट्टीत सारखे तापवून वेल्डिंग करायचे आणि चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड करायचे. नाही तर थंड हेडवर इंच-इंचाचा टाका घालून, हलके ठोकून, हात लावता येईल इतके निवल्यावर पुढचा टाका घालायचा. घाईत केलेल्या टाक्याशेजारी नवी चीर पडते. काही ट्रॅक्टर-मोटारींची हेडे ॲल्युमिनियमची असतात. त्यांना आर्गॉनचे वेल्डिंग लागते, आणि ते करणारा कारागीर वेगळा असतो.

फायर रिंगखाली खोल खड्डा, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर, किंवा उंची आधीच किमान मापावर आलेली, यांतले काही असेल तर मात्र नवे हेडच घ्या. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जाऊ लागला, तरीही नवेच बरे.

आता ज्या गोष्टीने आमची म्हैस नेली, ती नीट समजून घ्या. या इंजिनांत डिझेल पिस्टनमधल्या खोलगट जागेत जळते आणि हेडचे तोंड सपाट असते. फेस मारल्याने दाब फारसा बदलत नाही, म्हणून इंजिन झकास चालू होते आणि आपण फसतो. पण तोंडाचा जितका थर निघतो, तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. नोझलचे टोकही तितकेच अधिक बाहेर येते. म्हणून फेस मारल्यावर व्हॉल्व्ह तोंडापासून किती आत बसतात ते मोजून घ्या, कमी भरले तर सीट कापून व्हॉल्व्ह आत बसवून घ्या, आणि नोझलखाली योग्य जाडीचा तांब्याचा वॉशर घाला. दाब निर्माण करणारी पोकळी हेडमध्येच असलेली इंजिनेही असतात. तिथे फेस मारला की दाबही वाढतो. पिस्टन आणि हेड यांच्यातले अंतर पाहायचे असेल, तर पिस्टनवर शिशाची बारीक तार ठेवून हेड आवळा, इंजिन हाताने एक फेरा फिरवा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजा. ती पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा.

आणखी एक. किती फेस मारला आणि कोणत्या साली, ते हेडच्या बाजूला पंचने ठोकून घ्या, आणि घरच्या वहीतही लिहून ठेवा. पुढे ते इंजिन मुलाकडे जाईल, किंवा विकले जाईल. ज्याच्या हाती ते पडेल, त्याला ते आकडे वाचवतील.

दुरुस्ती झाली, की हेड तपासल्याशिवाय घरी आणू नका. पाण्याची भोके पट्ट्यांनी बंद करून आत दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोचा हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला, तर चीर आहे. ही तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.

बसवताना गॅस्केट नवेच हवे. दोन गॅस्केट एकावर एक घालून मापाची चूक झाकू नका. बोल्टांच्या बंद भोकांत तेल किंवा पाणी साचलेले असेल, तर पुसून काढा. नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो. आवळणी समोरासमोरच्या बोल्टांची, मधून बाहेर, तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्याने करावी. मग टॅपेटचे अंतर ठेवा. पहिल्यांदा इंजिन तापून निवल्यावर पुन्हा आवळायचे की नाही, ते गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे ठरवा. पुन्हा आवळले, तर टॅपेट पुन्हा पाहावे लागते.

येथवर मिस्त्रीचे काम झाले. आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. खड्डे बुजवले आणि पुन्हा तेच पाणी पाजले, तर दोन-तीन हंगामांत पोते पुन्हा खांद्यावर. म्हणून पाणी बदला.

पाण्याची परीक्षा घरातल्या बाईला आधीच ठाऊक असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला पांढरे किटण धरते, ते पाणी जड. जिभेला खारट लागते, ते मिठाचे. दोन्ही इंजिनाला वाईट. पहिले किटण साठवून इंजिन तापवते, दुसरे लोखंड खाते. नक्की आकडा हवा असेल, तर माती-पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या. पिकासाठीही तो आकडा उपयोगाचा आहे.

विहिरीवरच्या इंजिनाला थेट पाण्याची नळी बंद करा आणि २०० लिटरचे बॅरल जोडा. बॅरल इंजिनापेक्षा उंच ओट्यावर ठेवा. बॅरलच्या तळातून थंड पाणी इंजिनात खालून जाईल, इंजिनाच्या वरून गरम पाणी बॅरलच्या वरच्या अंगाला येईल. पाण्याची पातळी नेहमी वरच्या नळीच्या वर हवी. इंजिन फार तास चालत असेल, तर दोन बॅरले जोडा. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून नवा क्षार येत नाही. त्यात छपरावरून धरलेले पावसाचे पाणी भरा आणि कमी झाले, तर त्याचीच भर घाला. याचा दुसरा फायदा असा, की थेट विहिरीच्या गार पाण्याने इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, डिझेल नीट जळत नाही आणि लायनर लवकर झिजतो, तेही टळते.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये मात्र नुसते पाणी घालू नका. आमच्याकडे कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला, असे कितीतरी जण विचारतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्येच आपल्या कामाची आहेत. शुद्ध केलेल्या पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात ते मिसळा आणि सांगितलेल्या मुदतीत बदला. जुन्या कूलंटमधली गंजरोधक शक्ती संपलेली असते. आणि हे घरातल्या सर्वांनी ऐका. कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असते. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नका. वासरू, कुत्रा, रांगते मूल, कोणीही त्याला तोंड लावील. ते शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

किटण काढण्यासाठी कोणी तीव्र आम्ल ओतायला सांगेल, तर नको म्हणा. बिडाच्या इंजिनाला धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी बरे. मात्र ॲल्युमिनियमचे हेड असेल, तर सोडा ते खातो. तिथे तो वापरू नये.

त्या जोडप्याचे काय झाले? मी त्यांच्याबरोबर एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी आधी व्हर्नियर लावला. उंची किमान मापाच्या वर होती. पेन्सिलीच्या रेघेच्या आत खड्डा नव्हता. एक भोक मधल्या पट्टीकडे खाल्लेले निघाले. तिथे बुश बसवला, बाहेरच्या दोन खड्ड्यांत लेप भरला, दोन दशांश मिलिमीटर फेस मारला आणि सीट कापून व्हॉल्व्ह आत बसवले. पहिल्या तपासणीत बुशच्या कडेने बुडबुडा आला. मिस्त्रींनी तोंड वाकडे न करता बुश काढून दुसरा बसवला. चार दिवस गेले. तेवढ्यात शेजाऱ्याने आपल्या विहिरीवरून गव्हाला एक पाळी दिली. शेजारधर्म अजून जिवंत आहे, मंडळी.

परवा वहिनींचा फोन आला. इंजिन चालू झाले होते, बॅरल ओट्यावर चढले होते. पावसाचे पाणी या दिवसांत मिळणार कुठून, म्हणून तूर्त गावातल्या टाकीचे गोडे पाणी आणून भरले आहे. "आणि साहेब," त्या म्हणाल्या, "हेडवर ठोकलेले आकडे धाकटीनं वहीत लिहून ठेवलेत."

हे ऐकून मला आमची दावण आठवली. १९८६ साली अशी एक वही आमच्या घरी असती, तर ती जागा रिकामी झाली नसती. तुमच्या घरी इंजिन असेल, ट्रॅक्टर असेल, तर आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर तेवढी एक वही घाला.